झाकणावरचा आकडा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लसूण सोलणं. दुपारचे डबे गेले होते. कुसुम, माझी बायको, पंख्याखाली भिंतीला टेकून बसली होती, समोर परात. मी गड्डे फोडून पाकळ्या द्यायचो, ती सोलायची. माझी नखं जाड, मला सोलणं जमत नाय. ती म्हणाली, "ओ, टरफलं परातीत टाकू नका, किती वेळा सांगायचं." मी म्हणलं, "सांगत राहा, तेवढीच तुला करमणूक." तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं हात पदराला पुसला, फोन कानाला लावला आणि हसली. कोणाचा फोन ते मला विचारायची गरज पडली नाय. तसं ती एकाच माणसापाशी हसायची.

"दहा? बरं. उद्यापासून लावते. आणि तुझा तोच ना रे? का बदलला?" पुन्हा हसणं.

माणसाचं नाव नाय, गाव नाय, नुसता आकडा. मी उठलो. म्हणलं, "सोल आता तूच."

"बसा की, झालंच."

मी बसलो नाय. बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. दिवस मावळायच्या टायमाला ती म्हणाली, छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं होतंय. रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. घरी आणलं ते तिचं नुसतं शरीर.

हा अंक काढणारे भाऊसाहेब आमच्या मेसचे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, इतकी वर्षं डबे पोचवले, त्याच्यावर लिहा. मी म्हणलं, माझी शाळा चौथीपर्यंत, आणि माझं तोंड चांगलं नाय. ते म्हणाले, तोंडाचं आम्हाला माहीत आहे, जसं बोलता तसंच लिहा. म्हणून लिहितोय. कोणाला टोचलं तर टोचू द्या.

मी मूळचा लासूर स्टेशनचा. तिथं मोंढ्यात मापाडी होतो, म्हणजे धान्य मोजून देणारा. पुढं मोठे वजनकाटे आले, माझं काम गेलं, म्हणून वाळूजला आलो. पत्रा दाबून पार्ट काढतात अशा एका प्रेस शॉपमध्ये माल उचलायला लागलो. कंबर गेली तेव्हा तेही सुटलं. कुसुम तोपर्यंत शेजारच्या खोलीतल्या चार पोरांना डबा देत होती. चाराचे दहा झाले, दहाचे साठ-सत्तर झाले. वाळूजला माणूस एकटा येतो, कामाला लागतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला घरच्या जेवणाची आठवण येते. आमचा धंदा त्या आठवणीवर चालायचा.

लोकांना वाटतं मेस म्हणजे मोठ्या पातेल्यात भाजी करायची आणि वाढायची. तसं नसतं. एकाला पोळी चालत नाय, भाकरीच पाहिजे. एकाला तिखट सोसत नाय. एक माळकरी, त्याला कांदा-लसूण नको. एकाला भात पाहिला की झोप येते आणि मशीनवर झोपला तर बोटं जातील. एकाला बुधवारी-रविवारी भाजीच्या जागी अंड्याची आमटी पाहिजे. एकाला साखरेची बिमारी. आणि हे सगळं वेगवेगळं असलं तरी सोपं होतं. एकाच माणसाला भाकरी पाहिजे, तिखट नको आणि भात पण नको, असं असतं. प्रत्येकाची मिसळण निराळी. लाटायला दोन बाया होत्या, पण डबा भरायचं काम कुसुम दुसऱ्या कोणाच्या हातात देत नव्हती. पहिल्या पाळीच्या आधी एवढे डबे भरून बाहेर पडायचे म्हणजे विचार करायला फुरसत नाय. हात नुसता चालला पाहिजे.

पोचवायचं काम माझं. ते मी चोख केलं. पाऊस असो, बंद असो, डबा गेटवर टायमाला. पण गिऱ्हाइकाचं उगाच ऐकून घेणं मला कधी जमलं नाय. एक जण डबा दोन दोन दिवस खरकटा ठेवून परत द्यायचा. मी त्याला कंपनीच्या गेटवर, सगळ्यांदेखत म्हणलं, "बुरशीची शेती करतो का रे बाबा?" दुसरा म्हणाला, मीठ कमी असतं. मी म्हणलं, "मिठागरात नोकरी बघ." कुसुमच्या कानावर जायचंच. ती म्हणायची, "तुम्ही डबा द्या आणि माघारी या, मधलं बोलू नका." पण गिऱ्हाईक काय तुटलं नाय कधी. मला वाटायचं, माझ्या वक्तशीरपणाला मानतात.

सुरुवातीला कुसुमनं दोऱ्यांची युक्ती काढली होती. डब्याच्या कडीला रंगीत दोरे बांधायचे. हिरवा म्हणजे कांदा-लसूण नाय, पांढरा म्हणजे तिखट कमी, पिवळा म्हणजे भाकरी, असे सहा रंग. ज्याला जे लागतं ते दोरे त्याच्या कडीला. भरताना ती नुसती कडीकडं बघायची. दोऱ्याची रिळं मी गुलमंडीच्या बाजारातून आणायचो. तेलानं, पाण्यानं दोरे कुजायचे, तुटायचे, म्हणून रोज दुपारी आम्ही दोघं डबे समोर घेऊन बसायचो आणि नवे दोरे बांधायचो. ती दोरा धरायची, मी गाठ मारायचो, कारण गाठ मारावी ती मापाड्यानंच, पोत्याचं तोंड बांधून बांधून हात बसलेला असतो. त्या टायमाला ती बोलायची. माहेरचं, पोरीचं, भाजीवालीचं. मी हां हां करायचो. मला तेव्हा वाटायचं की हा एक धंद्याचा भाग आहे. तसं नव्हतं. सबंध दिवसात ती माझ्याजवळ बसायची तेवढाच तो टाइम होता.

मग संदीप आला.

हा फर्दापूरकडचा. बाप तिकडं लेणी बघायला येणाऱ्यांना चहा विकायचा. पोरगा शिकला आणि मशीनचे प्रोग्राम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागला. आमच्या गल्लीतच खोली घेतली. चांगला तिशीतला, बिनलग्नाचा. काम बरंचसं खोलीवर बसून करायचा, त्यामुळं डबा पोचवायचीही गरज नाय, स्वतःच दारात हजर. कुसुमला पहिल्या दिवसापासून "मावशी". मला "काका". म्हणजे ती आईकडची झाली आणि मी असाच कोणीतरी.

एका दुपारी आम्ही दोरे बांधत बसलो होतो. हा दारात उभा राहून बघत राहिला. म्हणाला, "मावशी, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोण शिकवणार? डोकं चालवलं."

"अहो, आम्ही कंपनीत हेच करतो."

"दोरे बांधता?" मी म्हणलं.

"तसंच काका. मशीनला सांगायचं असतं, भोंगा चालू का बंद, दार लॉक पाहिजे का नको, तेल सोडायचं का नाय. प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही, एवढंच. एवढे सगळे हो-नाही वेगवेगळे सांगत बसलो तर पसारा होतो. म्हणून एका आकड्यात बांधून टाकतो."

कुसुम सरकून बसली. तिचा हात दोऱ्यावरून सुटला, ते मी पाहिलं.

त्यानं तिला सांगितलं ते असं. पहिल्या गोष्टीला एक, दुसरीला दोन, तिसरीला चार, मग आठ, सोळा, बत्तीस. दर वेळी दुप्पट. ज्याला जे पाहिजे त्याची बेरीज करायची आणि तो एकच आकडा झाकणावर लिहायचा. कुसुमनं विचारलं, "सरळ एक, दोन, तीन, चार का नको?" तो म्हणाला, "मग झाकणावर तीन दिसला तर तो तीन नंबरवाला एकटा, का एक आणि दोन मिळून? कळणार नाय. दुपटीचं तसं होत नाय. कुठलीही बेरीज करा, ती एकाच रीतीनं सुटते." सुटते कशी, तर आकड्यातून जो सगळ्यात मोठा बसेल तो आधी काढायचा, मग उरलेल्यातून पुढचा. तेरा असेल तर सोळा बसत नाय, आठ बसतो, उरले पाच. चार बसतो, उरला एक. म्हणजे आठ, चार आणि एक. संपलं.

मला हे त्याच्याआधी समजलं होतं. वाण्याची वजनं बघा, पाव, अर्धा, एक, दोन. एकेक वजन घेतलं की त्यातून पावणेचारपर्यंत पावाच्या पटीत कितीबी तोलता येतं, आणि कुठली वजनं टाकायची त्याला दुसरा रस्ता नसतो. अर्धं आयुष्य मी तेच केलं. पण मला कोणी विचारलं नाय आणि मी बोललो नाय. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. लग्न झाल्यापासून मी काही सांगत असताना तिनं तसं तोंडाकडं बघितल्याचं मला आठवेना.

आठवडाभरात दोरे गेले. दवाखान्यात मिळते ती पांढरी चिकटपट्टी झाकणावर आली, तिच्यावर काळ्या पेनानं आकडा. पट्टी टिकायची, फाटली तरच नवी. दुपारचं बसणं संपलं. रिळं फळीवर पडून राहिली. मी म्हणलं, "एवढी रिळं आणलीत, त्याचं काय?" ती म्हणाली, "गोधडी शिवते." गोधडी काय शिवली नाय. दुपारी ती आता मोकळी असायची आणि संदीप यायचा. दोघं आकड्यांत बोलायचे. "मावशी, आमच्या ऑफिसात एक नवा अकरा आलाय." "अकरा? जरा बिचाराच दिसतो." आणि हसायचे. अकरा म्हणजे काय, मला माहीत नाय. ती एकदा म्हणाली, "या इकडं, तुम्हाला पण सांगते कुठल्या आकड्याला काय." मी म्हणलं, "मला डबा पोचवायचाय, आत काय त्याच्याशी घेणं नाय." खरं म्हणजे तिनं ते त्याच्याकडून घेतलं होतं म्हणून मला नको होतं. उष्टं वाटायचं.

लोक म्हणतील, म्हातारपणी असला संशय बरा नाय. संशय नव्हता तो. संशय असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. पोराच्या वयाचा माणूस, तिला मावशी म्हणणारा, पायाला हात लावणारा. त्याच्यात वाईट काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त जळायचं. माझ्या घरात, माझ्या बायकोच्या डोक्यात एक खोली झाली होती आणि तिची किल्ली त्याच्याकडं होती.

आणि आकड्याचा फायदा होत होता, हे पण मला बघायला लागलं. युसूफ म्हणून एक पैलवान होता, ट्रकवर माल चढवायचा. दाराच्या चौकटीत मावत नसे. एकदा एकटाच आला आणि कुसुमला हळूच म्हणाला, "चची, मिरची जरा कम डालो. लेकिन किसी को बोलना नक्को." दोऱ्यांच्या काळात त्याच्या डब्याला पांढरा दोरा लागला आणि गोदामातल्या हमालांना त्याचा अर्थ कळला. "पैलवान को झोंबती क्या रे?" म्हणून दोन महिने त्याला पिडलं. आकडा आल्यावर कोणाला काही कळेना. तो येऊन कुसुमला म्हणाला, "चची, तुम मेरी इज्जत रख ली." मी तिथंच होतो. इज्जत ठेवली संदीपच्या आकड्यानं, आणि पांढरा दोरा तर मीच बांधला होता.

मग एक श्रावण आला. आता हे नीट ऐका, कारण अशी चूक फक्त आमच्याच मेसमध्ये होऊ शकते.

देशपांडे साहेब म्हणून एक गिऱ्हाईक होते. एका कंपनीत माल तपासायचे, घरचे सगळे नांदेडला. बारा महिने कांदा-लसूण खात नव्हते आणि भात पण नको. कांदा-लसूण नसल्याचे चार, भात नसल्याचे आठ, म्हणून त्यांच्या झाकणावर बारा. तरीपण दर श्रावणात फोन करायचे, "उद्यापासून श्रावण आहे हं, कांदा-लसूण घालू नका." आधीच घालत नव्हतो, पण सांगितल्याशिवाय त्यांना चैन नसे. त्या वर्षी श्रावण लागायच्या आदल्या दिवशी फोनवर फोन. ज्याचा फोन येईल त्याच्या झाकणावर कुसुम चार वाढवत गेली. देशपांडे साहेबांचा आला, तिनं बारात चार मिळवले. सोळा. आणि सोळा म्हणजे अंडं.

नेमका बुधवार. मी डबा देऊन गेटच्या बाहेर पण पडलो नव्हतो तर वॉचमन पळत आला. आत गेलो. साहेब हात लांब करून उभे, डबा टेबलावर उघडा, त्यात अंड्याची आमटी.

"हे काय आहे?"

"अंडं आहे," मी म्हणलं.

"ते मला दिसतंय! श्रावणात? माझ्या डब्यात?"

"साहेब, चुकून अंडं आलं, साप नाय आला. एवढं काय ओरडता?"

ते बोलायचं नव्हतं. पण बोललो.

कुसुमला कळलं. दुसऱ्याचा नेम आपल्या हातानं मोडला, हे तिला सोसेना. त्या दिवशी जेवली नाय. नवा कोरा डबा घेऊन, रिक्षा करून स्वतः साहेबांकडं गेली, हात जोडून आली. आणि मला, खोटं कशाला सांगू, आतून बरं वाटलं. वाटलं, सुटला आता हा आकडा. फळीवरची रिळं मी खाली काढून ठेवली.

संध्याकाळी संदीप आला. मी त्याच्या तोंडावरच म्हणलं, "हिरवा दोरा दोनदा बांधला असता तर काय अंडं झालं असतं का? दोनदा बांध नाय तर दहादा, हिरवा तो हिरवाच."

मला वाटलं आता ह्याचं तोंड उतरेल. तर हा उड्या मारायला लागला. "मावशी, मी म्हणलो होतो ना! मिळवायच्या आधी बघा, तो आधीच बसलेला आहे का. काकांनी बरोबर पकडलं. आमच्या प्रोग्रामात पण म्हणूनच बेरीज करत नाहीत. तिथं यंत्राला दोरा बांधायलाच सांगतात. बांधलेला असला तर तसाच राहतो. नवीन पोरं बेरीज करतात आणि अशीच फसतात."

कुसुमनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बघा, तुम्हाला पण येतं की." मला त्याची शाबासकी नको होती आणि तिची त्याच्यामार्फत आलेली पण नको होती. त्यानं तिला सांगितलं, फक्त चारचं बघायचं असेल तर बाकीचे आकडे मनात झाकून ठेवायचे, आणि चार आहे का नाय तेवढंच विचारायचं. नसेल तरच मिळवायचा. ती त्या दिवसापासून तसंच करायला लागली. पुन्हा चूक झाली नाय. रिळं मी परत फळीवर ठेवली.

असंच चाललं, सहा-सात वर्षं. आणि मग तो लसणाचा दिवस.

तेराव्यापर्यंत मेस बंद होती. पोरगी, मंगल, लासूर स्टेशनवरून आलेली. ती म्हणाली, "अण्णा, बास झालं आता. माझ्याकडं चला. डबे विकून टाका." मी म्हणलं, मेस चालू राहणार. तिनं विचारलं, कोण चालवणार? मी म्हणलं, भाजी बाया करतील, त्यांना येते. भरीन मी. बोललो तर खरं. मग झाकणं काढून बसलो. सगळ्यांवर तिच्या हातचे आकडे. सोडवायला बसलो असतो तर एका मिनिटात सुटले असते, पण सुटून हातात जे आलं असतं, एक, दोन, आठ, त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. चार म्हणजे कांदा-लसूण नाय आणि सोळा म्हणजे अंडं, दोनच ओळखीचे, तेही भांडण झालं म्हणून. इतकी वर्षं डबे पोचवले आणि एक पण उघडून बघितला नव्हता.

गिऱ्हाइकांना फोन लावले. "तुम्हाला डब्यात काय काय लागतं?" तर म्हणतात, "नेहमीचंच की काका." "नेहमीचं म्हणजे काय?" "मावशींना माहीत होतं." माणसाला स्वतः काय खातो ते सांगता येत नाय, हे मला तेव्हा कळलं. दोन-चार जणांनी सांगितलं, ते पण एकमेकांत मिसळलं. मंगल नुसती बघत होती. तिनं माझी पिशवी भरायला घेतली.

तेराव्याला संदीप आला. दिवसभर पत्रावळी वाढल्या, पाणी दिलं. जाताना माझ्यापाशी बसला. "काका, मेस चालू करणार असाल तर झाकणांचं मी..."

"तुझं काय काम?" मी म्हणलं. "तिचं जेवलास, हसलास, झालं. आता माझ्या घरात तुझं काय काम?"

चार माणसं ऐकत होती. तो उठला, पायाला हात लावला आणि गेला. मंगल मला म्हणाली, "अण्णा, आई गेली तर तुमच्याइतकाच तो रडला. तेवढं तरी बघायचं." मी म्हणलं, "तेच तर बघितलं." त्याला रडायचा काय हक, असं मला वाटत होतं. रडण्यात पण वाटेकरी.

मग आडवा झालो आणि हिसाब केला. मंगलकडं गेलो तर नातवंडं आहेत, जेवण आहे, कोणी मला बाहेर काढणार नाय. पण तिथं कुसुम नाय. तिचं जे काय उरलंय ते ह्या झाकणांवर आहे. त्या आकड्यांत ती रोज सकाळी माणसा-माणसाचा विचार करायची. ते मला वाचता येत नाय आणि जगात एकाच माणसाला येतं. एक तर झाकणं भंगारात घालायची, नाय तर त्याच्या दारात जायचं.

सकाळी झाकणं गोणीत भरली आणि त्याच्या खोलीवर गेलो. दार उघडलं तर तोंडात ब्रश. मी गोणी त्याच्या फरशीवर ओतली. गल्ली जागी होईल एवढा आवाज झाला. तो तोंड धुऊन आला. "काका, मावशी नेहमी म्हणायच्या..."

"ती काय म्हणायची ते राहू दे," मी म्हणलं. "एक म्हणजे काय ते सांग."

"भाकरी."

"दोन?"

"तिखट कमी."

"आठ?"

"भात नाय."

"बत्तीस?"

"गोड नाय. साखरवाले."

संपलं म्हणून मी झाकणं उचलून बघायला लागलो. पहिलंच युसूफचं, कुठला डबा कोणाचा ते मला बघताच कळतं. सहासष्ट. बत्तीस काढले तरी चौतीस उरतात, परत बत्तीस काढता येत नाय. म्हणजे वर अजून एक वजन होतं. "चौसष्ट म्हणजे काय?"

संदीपनं टॉवेलनं परत तोंड पुसलं.

"मावशींनी सांगू नको म्हणलं होतं."

"ती आता रागवायला येत नाय. सांग."

"चौसष्ट म्हणजे... तुम्ही ज्याला बोललात तो. त्याच्या डब्यात शेंगदाण्याच्या चटणीची एक पुडी जास्त टाकायची."

मी देशपांडे साहेबांचं झाकण शोधलं. शहात्तर. बुरशीवाला. मीठवाला. एकेक करून बघत गेलो. चौसष्टच्या खालचं झाकण शोधावं लागत होतं. शेवटी म्हणलं, "तुझं कुठंय?" त्यानं ढिगातून काढून दिलं. सोळा, दोन, एक, त्याच्यावर चौसष्ट. त्र्याऐंशी.

"किती दिवसांपासून?"

"आकडे आले त्याच्या पहिल्या आठवड्यापासून, काका."

हे पण त्यालाच माहीत होतं, मला नाय. त्याचा राग आला, तो अजून पण आहे. मी झाकणं गोणीत भरली. त्यानं एका बाजूनं गोणी धरली, तेव्हा मी सोड म्हणलं नाय. दोघं घरी आलो. मंगल दारात पिशवी घेऊन उभी होती, तिला म्हणलं, ती आत ठेव आणि मोठी कढई काढ. आणि शेंगदाणे भाजायला घेतले. लई लागणार होते.